बदामाच्या पानांचा धूर

आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, नियम वाचायची भारी हौस. पोस्टाच्या पेटीवरच्या वेळा, बसमधल्या सूचना, बागेच्या फाटकावरची पाटी, सगळं ते थांबून, चष्मा पुसून वाचायचे आणि घरी येऊन आम्हाला ऐकवायचे. सरकारी कचेरीत कारकून होते, तिथंच ही खोड जडली असावी. एकदा नळाच्या तक्रारीसाठी ते कार्पोरेशनच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या भिंतीवर त्यांना एक नियम सापडला. घराच्या आवारात पालापाचोळा आणि केरकचरा जाळू नये, रस्त्यावरच्या कुंडीत टाकावा, न ऐकणाऱ्याला दंड होईल. रात्री जेवताना त्यांनी तो आम्हाला पाठ म्हणून दाखवला. आई वाढता वाढता म्हणाली, "त्या येवढ्याशा कुंडीत अख्ख्या वीथीची पानं मावायची कशी, तेही लिव्हलंय का तिथं?" ते लिहिलेलं नाही, असं अप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

हा नियम पाळणारं माणूस मी तरी मद्रासच्या टी. नगरात पाहिलं नव्हतं. त्या वेळी आमच्या वीथीला, म्हणजे रस्त्याला, साड्यांचं एकही दुकान नव्हतं. घराभोवती आवार, आवारात दोन-तीन माड, एखादा आंबा, कडुनिंब, आणि दिवेलागणीला प्रत्येक आवारातून वर जाणारा धूर. झाडलेली पानं जाळायची नाहीत तर करायचं काय, असा प्रश्नच कुणाला पडत नसे. शिवाय धुरानं डास पळतात, हे मद्रासमध्ये लहान पोरालाही ठाऊक होतं.

शेजारच्या मामींच्या आवारात बदामाचं मोठं झाड होतं. खायचा बदाम नव्हे, पसरट पानांचा तो आपला रस्त्याकडेचा बदाम. पोंगलनंतर त्याची पानं लाल व्हायची आणि रोज ढिगानं गळायची. मामी संध्याकाळी पदर खोचून सगळं आवार झाडत, पानं आमच्या सामाईक भिंतीशी लोटत आणि काडी लावत. मग त्या भिंतीच्या पलीकडे आणि आई अलीकडे, अशा दोघी बोलत उभ्या राहत. मामी तमिळ बाई, नवरा निवृत्त मास्तर, मुलगा कुठं तरी उत्तरेला नोकरीला. आई तंजावरची, त्यामुळे तिचं तमिळ मामींच्यापेक्षा कमी नव्हतं. मामींकडून शेवग्याच्या शेंगा भिंतीवरून इकडे यायच्या, आमच्या पुरणपोळ्या तिकडे जायच्या. आमच्या जाईच्या वेलाची छाटणीसुद्धा आई त्यांच्याच आगीत टाकायची. मला विचाराल तर आईला त्या शहरात मैत्रीण अशी ती एकच होती.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मुलूख सुटून इतक्या पिढ्या झाल्या की तिकडे आमचं कोण होतं, हे घरातल्या कुणालाही सांगता येत नसे. पुण्याकडचा कुणी साहेब अप्पांच्या कचेरीत बदलून आला की आमची भाषा ऐकून हसायचा. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. पण बोली बदलली म्हणून काय झालं, रीतभात आम्ही त्यांच्याहून कडक ठेवली होती. मुलखापासून लांब राहणाऱ्यांचं हे असंच असतं. तिकडच्या लोकांनी सोडून दिलेल्या गोष्टीही आम्ही घट्ट धरून बसलो होतो, आणि त्यातही बाळंतिणीची खोली म्हणजे आईच्या लेखी देवघराच्या खालोखाल.

माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आली ती संक्रांतीच्या सुमारास. लग्नानंतर बरीच वर्षं तिची कूस उजवली नव्हती. सासरी तिला त्यावरून रोज ऐकून घ्यावं लागे. आता दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूबाईंनी निघताना सांगितलं होतं म्हणे, की येताना हातात मूल घेऊनच ये. हे अक्कानं मला हसत हसत सांगितलं, पण मी शाळेत जाणारी पोर असले तरी त्यात हसण्यासारखं काही नाही, हे मला कळलं. सगळं त्या मुलावर होतं.

मुलगी झाली. लहानखुरी, वजनाला कमी, पण सगळ्यांसारखी रडणारी आणि दूध ओढणारी. प्रसूतिगृहातून त्यांना घरी आणलं आणि मागच्या लहान खोलीत ठेवलं. त्या खोलीला एकच खिडकी, तीही मामींच्या भिंतीकडे उघडणारी. लेडी डॉक्टर एकदा घरी येऊन बघून गेली. जाताना आईला म्हणाली, खोलीत हवा खेळू द्या, खिडकी उघडी ठेवा. आईनं मान डोलावली. आईचं मान डोलावणं आणि आईचं ऐकणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. डॉक्टरची रिक्षा वळणावर गेली आणि खिडकीची दारं लागली.

"बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं होतंय," आई म्हणाली. "आणि मामींचा धूर आहे बाहेर. लेकराला बाधेल."

आत खाटेखाली शेगडी होती. सकाळी अक्काला आणि बाळाला न्हाऊमाखू घातलं की निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं पडायची, वर थोडी कडुनिंबाची वाळलेली पानं आणि मद्रासच्या रिवाजाप्रमाणे सांब्राणी, म्हणजे ऊद. मग आई पदरानं धूर बाळाच्या अंगावर, टाळूवर, कानांवर असा हळूहळू घ्यायची. संध्याकाळी पुन्हा धुरी. त्या खोलीत गेलं की माझे डोळे चुरचुरायचे, पण वास मला आवडायचा. सगळ्या घराला तो वास येई आणि घरात बाळ आहे, हे त्या वासावरूनच कळे. आई ही धुरी देताना इतकी शांत, इतकी आनंदी दिसायची की मी दारात नुसती बघत उभी राहायची.

थोड्याच दिवसांत बाळ खोकू लागलं. आधी शिंकल्यासारखं, मग छातीत घरघर. दूध ओढता ओढता दमायचं आणि सोडून द्यायचं. आईनं धुरी वाढवली. सर्दी आहे, शेकानं मोकळी होईल, असं तिचं म्हणणं. अक्का रडायला लागली. अप्पा येरझारा घालत होते, आणि संध्याकाळी खिडकीच्या फटीतून मामींच्या आगीचा वास आला तेव्हा त्यांना अपराधी सापडला.

ते तडक शेजारी गेले. त्यांच्या मागोमाग मीही भिंतीपर्यंत गेले. अप्पा मामींशी कधी मोठ्यानं बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी नियम सांगितला, भिंतीवरची पाटी सांगितली, दंड सांगितला. मामी बिचाऱ्या घाबरून गेल्या. "बाळाला त्रास होतो हे मला आधी का नाही सांगितलं?" असं त्या भिंतीवरून आईला विचारत राहिल्या. तिथल्या तिथे त्यांनी जळत्या ढिगावर विहिरीचं पाणी ओतलं. त्यानंतर त्यांनी पानं जाळली नाहीत. रोज झाडून त्या नुसता ढीग घालायच्या आणि सकाळी भिंतीवरून बाळाची चौकशी करायच्या. रस्त्यावरची कुंडी एका दिवसात भरली आणि मग कुणी ती रिकामी केली नाही.

बाळ काही सुधारलं नाही. खिडकी बंद होती, शेगडी चालू होती, आणि घरात सगळे म्हणत होते, मामींनी ऐकलं हे बरं झालं, आता उतार पडेल.

मामींच्या ढिगात विंचू निघाला. मास्तर पहाटे विहिरीवर जाताना त्यांच्या पायाशीच. मामींनी त्या दुपारी, वारा आमच्याकडून तिकडे आहे हे बघून, विहिरीपलीकडच्या लांबच्या कोपऱ्यात थोडी पानं पेटवली. तो धूर मी शाळेतून येताना रस्त्यावरून पाहिला. बारीक होता आणि दुसऱ्या बाजूला जात होता. घरी आले तर अक्काच्या खोलीतून आवाज येत नव्हता. रोज येणारी घरघरही नव्हती. अप्पा डॉक्टरला आणायला गेले होते, पण तोवर बाळ गेलं होतं.

त्यानंतर घरात जे काही झालं त्यातलं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. अक्काचं ओरडणं आठवतं. ती खाटेवरून उठून, केस सुटलेले, भिंतीपाशी गेली आणि त्या कोपऱ्यातल्या आगीकडे बोट करून मामींना म्हणाली, "तू खाल्लंस माझं लेकरू." मराठीत म्हणाली. मामींना शब्द कळले नसतील, पण त्या जागच्या जागी खाली बसल्या.

अप्पा आयुष्यात पहिल्यांदा कुणाविरुद्ध तक्रार करायला निघाले तेव्हा आई त्यांना एवढंच म्हणाली, "राहू द्या." अप्पांना वाटलं, हा तिचा चांगुलपणा. ते म्हणाले, चांगुलपणानं बाळ परत येत नाही. खाकी कपड्यातला इन्स्पेक्टर आला, त्यानं मामींचं आवार पाहिलं, राख पाहिली. मास्तरांना नोटीस आली आणि दंड भरावा लागला. मास्तर भला माणूस, ते स्वतः जाऊन पैसे भरून आले. रस्त्यातल्या बाकीच्या घरांतून त्याही संध्याकाळी धूर वर जात होता. त्यांना कुणी विचारलं नाही.

अक्का सासरी गेली ती हात रिकामे घेऊन. पुढे तिला मूल झालं नाही. सासूबाईंनी तिला काय काय ऐकवलं ते ती सांगत नसे, पण ती दर वर्षी आणखी वाळत गेली. माहेरी आली की संध्याकाळी घराच्या सगळ्या खिडक्या आपल्या हातानं लावून घ्यायची. मामींचं नाव तिनं परत घेतलं नाही. "ती बाई" म्हणायची. तिच्या दुःखाला बोट दाखवायला एक ठिकाण होतं, आणि मी मनात म्हणायची, बिचारीला निदान तेवढं तरी आहे.

मामींनी मग कधीच पानं जाळली नाहीत. त्यांच्या आवारात पानांवर पानं साचली, पावसात कुजली, त्यातून वास यायला लागला. मास्तर आजारी पडून गेले. आई भिंतीकडे फिरकत नसे. जाईची छाटणी मलाच कुंडीपर्यंत न्यावी लागे. पुढे मामींचा मुलगा मद्रासजवळच तांबरमला बदलून आला आणि त्यांना न्यायला आला. निघताना मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आमच्या दारात आल्या. स्वतः विधवा, म्हणून कुंकू लावायला त्यांनी सुनेला बरोबर आणलं होतं. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच आली नाही. मी ताट घेतलं. मामी बराच वेळ ओसरीवर उभ्या होत्या, मग सुनेनं त्यांना हाताला धरून नेलं. आईचा राग किती हा, असं मला त्या वेळी वाटलं. मला तिची चीडही आली, कारण मामी त्या दिवशी फार म्हाताऱ्या दिसत होत्या.

माझं लग्न झालं आणि मी पहिल्या बाळंतपणाला त्याच घरी आले, तोवर अप्पा गेले होते. मामींच्या जागी नवे लोक होते, बदाम तोडून त्यांनी मोटारीसाठी शेड घातली होती. अक्का मदतीला आली. तिला स्वतःचं काही उरलं नव्हतं म्हणून की काय, माझ्या बाळंतपणात तिनं सगळा जीव ओतला. डिंक, खारीक, ओवा, शेपा सगळं निवडून डबे भरून ठेवलं. मी मुलाला घेऊन घरी आले त्या सकाळी तिनं स्वतः निखारे फुलवले, शेगडी दोन फडक्यांनी धरून माझ्या खोलीत आणली. तीच मागची खोली.

आई उठली आणि तिनं खिडकी उघडली. दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत. मग म्हणाली, "शेगडी नक्को. बाहेर ने ती."

अक्काला वाटलं, आई म्हातारपणी विसरली. "अगं, धुरी द्यायची ना बाळाला," ती म्हणाली.

"नक्को म्हणत्यें ना."

"आपल्यात नाही कसं चालेल? माझ्या वेळी तर दोन-दोनदा..." असं बोलता बोलता अक्का थांबली. शेगडी तिच्या हातात होती. धग लागत असणार, पण ती खाली ठेवेना. माझ्या बाळाकडे तिनं पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, आणि मग आईकडे. मला खाटेवरून उठता येत नव्हतं. मी नुसती पडून त्या दोघींकडे पाहत राहिले.

"मग माझ्या वेळी का दिलीस?" अक्कानं विचारलं.

"तवा मला ठाऊक नव्हतं."

"कधी कळलं?"

आई खिडकीकडे पाठ करून उभी होती. तिनं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरनं परवा सांगितलं, कुठं तरी वाचलं, काहीही. पण तिनं खरं सांगितलं. "त्याच दिवशी. शेवटचं न्हाऊ घातलं ना तिला, तवा नाक पुसलं. पंच्यावर काजळी आली. बंद खिडकीतून बाहेरचा धूर येवढा कुठनं येईल?"

अक्कानं शेगडी जमिनीवर ठेवली. मग ती म्हणाली, "आणि तरी तू मला त्या बाईला बोलू दिलंस."

"मी सांगणार होत्यें. तू तवा उभी राहू शकत नव्हतीस. म्हटलं, थोडी सावर, मग सांगत्यें. मग अप्पा तक्रार देऊन आले. मग तू सासरी गेलीस. मग कसं सांगू?" आईनं एवढं सलग बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला तिच्याकडे बघणं सोपं गेलं असतं.

अक्का ओरडली नाही. तिनं शेगडी उचलून अंगणात नेली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, हात धुतले आणि साडी बदलली. मामींच्या सुनेनं निघताना मला तांबरमचा पत्ता सांगितला होता, स्टेशनपासून जवळच, कॉलेजच्या मागे. तो अक्कानं मला विचारला आणि ती गाडी धरायला निघून गेली. आई दिवसभर जेवली नाही. मी मुलाला पाजत होते आणि मला आईचा राग येत होता, तिची कीवही येत होती, आणि दोन्हींतलं एकही धड पुरतं येत नव्हतं.

अक्का उन्हं उतरताना परत आली. माझ्या खाटेच्या कडेवर बसली. मी विचारलं, भेटल्या का?

"भेटल्या. दिसत नाही आता त्यांना नीट. आवाजावरनं ओळखलं मला." अक्कानं बाळाचं दुपटं सारखं केलं. "मी कशाला आले ते सांगायच्या आत माझे हात धरले आणि क्षमा मागायला लागल्या. सुनेसमोर, नातवंडांसमोर. विंचू निघाला होता म्हणून पेटवली गं, म्हणाल्या. लांबच्या कोपऱ्यात पेटवली होती, म्हणाल्या. तेच तेच सांगत होत्या. सून म्हणाली, घरात पाहुणं कुणी आलं की हेच सांगतात."

"तू सांगितलंस का त्यांना?"

"सगळं सांगितलं. शेगडी, खिडकी, पंच्यावरची काजळी. आईच बोलली म्हणून सांगितलं."

"मग?"

"ऐकून घेतलं सगळं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, कण्णा, बाळा, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आईवर असला आळ घेऊ नकोस. तुझी आई फार चांगली बाई. इतकी वर्षं झाली, मला एक शब्द बोलली नाही."

आई दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.